कूस कोण बदलणार?

निरोगी माणूस झोपेत एका जागी पडून असतो असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो रात्रीत कित्येकदा कूस बदलतो, पाय आखडतो, कंबर सरकवतो, आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. माकडहाड, खुबा, टाच अशा जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी-मांस चेपलं जातं, तिथलं रक्त अडतं, त्या जागेची तक्रार मज्जारज्जूतून वर जाते आणि झोप न मोडता शरीर हलतं. पाठीच्या कण्याला मार बसून मज्जारज्जू तुटला की ही तक्रार वर पोचत नाही आणि हलण्याचा हुकूम खाली पोचत नाही. मग काही तासांत कातडी लाल होते, काही दिवसांत काळी पडते, आणि पुढे हाडापर्यंत जाणारा खड्डा तयार होतो. घरोघरी या जखमेला ‘बेड सोअर’ म्हणतात, पाठ्यपुस्तकांत ‘शय्याव्रण’. दोन्ही नावं अर्धवट आहेत, कारण कमरेखालचं अंग गेलेल्या माणसाला ही जखम बिछान्याइतकीच खुर्चीतही होते, बसण्याच्या हाडांखाली. शिवाय ती एकदा बरी झाली म्हणजे सुटली असं होत नाही. तिथेच किंवा शेजारी ती पुन्हा उघडते, काहींना आयुष्यात पाच-सात वेळा. या पुन्हा पुन्हा उघडण्याची दोन स्पष्टीकरणं पूर्वापार दिली जातात: एक, लुळ्या अंगाचा तो धर्मच आहे, दोन, रोगी नीट काळजी घेत नाही. या जखमेचा इतिहास तपासला तर दोन्ही स्पष्टीकरणं टिकत नाहीत. शरीर जे काम आपसूक करत होतं ते त्याच्याऐवजी कोणी करायचं, हे ज्या काळी आणि ज्या ठिकाणी ठरलेलं होतं तिथे जखम आटोक्यात आली. जिथे ते ठरलं नाही तिथे ती परतली.

मज्जारज्जूच्या दुखापतीचं सर्वांत जुनं लिखित वर्णन इजिप्तमधल्या एका पपायरसवर आहे. एडविन स्मिथ नावाच्या संग्राहकाच्या नावाने तो ओळखला जातो. आज उपलब्ध असलेली प्रत इसवी सनापूर्वी सुमारे 1600ची, मूळ मजकूर त्याहून जुना. त्यात 48 रुग्णांची प्रकरणं आहेत. मानेचा मणका सरकलेल्या माणसाला हातापायांची जाणीव राहत नाही, लघवी नकळत ठिबकत राहते, इतकं बारीक निरीक्षण त्या अनामिक वैद्याने नोंदवलं आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तो निवाडा देतो: हा आजार मी बरा करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा यावर उपचार करू नयेत. मानेच्या या रुग्णाला तिसरा निवाडा मिळाला. त्या काळातल्या वैद्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या हाती दुसरं काहीच नव्हतं. परंतु हा निवाडा नंतर साडेतीन हजार वर्षं जवळपास तसाच चालत राहिला. या लेखाच्या उत्तरार्धात तो अगदी आधुनिक वेषात पुन्हा भेटेल, म्हणून तो इथे लक्षात ठेवायला हवा.

एकोणिसाव्या शतकात या निवाड्याला शास्त्राचा आधार मिळाला. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातले झाँ-मार्तँ शार्को हे त्या काळचे मज्जासंस्थेचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांचं म्हणणं असं की कातडी आणि मांस यांना जिवंत ठेवणारा एक पोषक प्रभाव नसांमधून वाहत असतो. मज्जारज्जूला किंवा मेंदूला इजा झाली की तो तुटतो आणि कातडी आपोआप सडू लागते. त्यांच्याकडे पुरावाही होता. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर काही दिवसांतच लुळ्या बाजूच्या नितंबावर जखम उमटते, दुसऱ्या बाजूवर उमटत नाही. गादी दोन्ही बाजूंना तीच, तेव्हा कारण दाब कसं असेल? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोष्ट सुटली होती. गादी तीच असली तरी दोन बाजूंचा वेळ सारखा नव्हता. चांगली बाजू दुखली की रोगी ती उचलत होता, लुळी बाजू तशीच दाबून पडत होती. शार्को यांच्याही आधी, 1850च्या दशकात, शार्ल ब्राउन-सेकार यांनी गिनीपिगांचे मज्जारज्जू कापून दाखवलं होतं की अशा प्राण्यांना दाबापासून जपलं आणि मलमूत्रापासून स्वच्छ ठेवलं तर जखमा होत नाहीत, झालेल्या असल्या तर भरतातही. 1873मध्ये लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी आपल्या व्याख्यानात दाब हेच कारण सरळ सांगितलं. म्हणजे योग्य उत्तर उपलब्ध होतं, छापलेलं होतं. तरीही पुढची साठ-सत्तर वर्षं बहुतेक रुग्णालयांनी वागणूक ठेवली ती शार्को यांच्या मतानुसार. मला त्याचं कारण केवळ शार्को यांच्या दबदब्यात दिसत नाही. जखम अटळ आहे असं मानलं की कुणालाच रात्री उठावं लागत नाही. दाबामुळे होते असं मानलं की दर काही तासांनी एका माणसाला उचलून वळवायला दोन-तीन माणसं लागतात, त्यांचा पगार लागतो, त्यांच्यावर देखरेख लागते. पॅजेट यांचं मत पटणं सोपं होतं, पण ते अंमलात आणायला खर्च होता.

याच सुमारास फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात बेड सोअरचा दोष आजाराकडून काढून शुश्रूषेकडे वळवला. आजार अटळ, शुश्रूषा सुधारता येण्याजोगी, म्हणून हे पाऊल पुढचंच होतं. पण त्याच वाक्यातून एक नवी सवयही लागली: जखम दिसली की गुन्हेगार शोधायचा. आधी ती परिचारिका होती. पुढे रुग्ण घरी राहू लागल्यावर तो मान घरातल्या बाईकडे आणि शेवटी खुद्द रुग्णाकडे आला. परिचारिकेला किती खाटा सांभाळायच्या होत्या, तिच्या हाताखाली कोण होतं, हे प्रश्न फारसे कुणी विचारले नाहीत.

पहिल्या महायुद्धात कण्यात गोळी किंवा गोळ्याचा तुकडा लागलेल्या सैनिकांपैकी सुमारे 80 टक्के काही आठवड्यांत दगावले, आणि त्यांना मारलं ते मुख्यतः कण्याच्या जखमेने नव्हे. पाठीवरच्या सडलेल्या जखमा आणि मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग या दोघांनी मिळून मारलं. 1917मध्ये जर्मन सायलेशियातल्या एका अपघात रुग्णालयात लुडविग गुट्टमान नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मदतनीस म्हणून काम करत होता. तिथे कणा मोडलेला एक धडधाकट तरुण खाणकामगार आला. त्याला पडद्याआड ठेवण्यात आलं, आणि मुलाला सांगण्यात आलं की याच्याबद्दल फार लिहीत बसू नकोस, काही आठवड्यांचाच प्रश्न आहे. पाच आठवड्यांत तो गेला, अंगावरच्या जखमांनी आणि रक्तात भिनलेल्या जंतूंनी. गुट्टमान पुढे मज्जासंस्थेचे शल्यविशारद झाले, ब्रेस्लाऊमध्ये नावारूपाला आले, ज्यू असल्यामुळे 1933मध्ये नोकरीतून काढले गेले आणि 1939मध्ये कुटुंबासह इंग्लंडला निघून आले.

इंग्लंडची कथा सांगण्याआधी बॉस्टनचं नाव घ्यायला हवं, कारण ते नेहमी राहून जातं. तिथल्या सिटी हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड मन्रो यांनी 1936मध्ये मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला आणि 1940मध्ये या रुग्णांच्या पाठीची निगा कशी राखावी यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. म्हणजे एक अमेरिकन शल्यविशारद वैद्यकीय नियतकालिकात पाठ पुसण्याविषयी, चादरीच्या सुरकुत्यांविषयी, कूस बदलण्याविषयी लिहीत होता. ही कामं तोवर शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या प्रतिष्ठेला साजेशी मानली जात नव्हती. मन्रो यांचं मोठेपण मला यातच वाटतं.

1 फेब्रुवारी 1944 रोजी लंडनच्या वायव्येला एल्सबरीजवळ स्टोक मँडव्हिल इथे कण्याच्या दुखापतींचा विभाग सुरू झाला. दोस्तांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणार होतं आणि जखमी येणार हे सरकारला ठाऊक होतं. हे काम घ्यायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं. ते गुट्टमान यांच्याकडे आलं. येणारे रुग्ण अनेकदा प्लॅस्टरच्या साच्यात घालून पाठवलेले असत. हाड जुळावं म्हणून केलेल्या त्या साच्याच्या आत कातडी सडलेली असे. गुट्टमान यांनी साचे फोडले, गादीवर रबरी उशांची मांडणी करून हाडाच्या जागा अधांतरी ठेवल्या, आणि नियम घातला: प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्री. त्यासाठी वळवणाऱ्यांची वेगळी तुकडी ठेवली. सुरुवातीला कर्मचाऱ्यांना याची सवय नव्हती. ही माणसं मरणारच आहेत, मग रात्री दोन वाजता त्यांना उठवायचं कशाला, अशीच भावना होती. गुट्टमान स्वतः रात्री वॉर्डात येऊन पाहत की दोनची पाळी झाली की नाही. त्यांच्या हुकूमशाही वागण्याच्या तक्रारी पुष्कळ होत्या आणि त्या खऱ्याही असाव्यात. पण त्या वॉर्डात काय नवं होतं ते नीट पाहायला हवं. दाबामुळे जखम होते हे ज्ञान जवळपास शंभर वर्षं जुनं होतं. रबर होतं, उशा होत्या, साबणपाणी होतं. नवी होती ती पाळी. कूस बदलणं हे आता कुणाच्या दयेवर नव्हतं. ते एका ठरावीक माणसाचं, ठरावीक वेळचं, तपासलं जाणारं काम झालं होतं.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. 1944 हे पेनिसिलिन लष्करी रुग्णालयांत पोचण्याचंही वर्ष. त्याच्या आधी सल्फा औषधं आली होती. मग श्रेय वळवणाऱ्या हातांचं की बुरशीतून काढलेल्या औषधाचं? जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू कमी होण्यात औषधांचा वाटा मोठा होता हे मान्य केलंच पाहिजे. विशेषतः मूत्रपिंडं त्यांच्याशिवाय वाचली नसती. पण औषध रक्तातून जातं, आणि दाबाखालच्या मांसात रक्तच पोचत नाही. दाब कायम ठेवून पेनिसिलिन दिलं तर रोगी काही काळ जगतो, जखम मात्र खोल होत राहते. शिवाय मन्रो यांचं काम पेनिसिलिन बाजारात येण्यापूर्वीचं आहे. आणि गेली ऐंशी वर्षं आपल्याकडे एकाहून एक प्रभावी प्रतिजैविकं आहेत, तरी जखमा होताहेत. जगप्रसिद्ध अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह 1995मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला. त्याला उत्तम डॉक्टर आणि चोवीस तास परिचारिका मिळत होत्या. 10 ऑक्टोबर 2004 रोजी तो गेला तेव्हा दाबाच्या जखमेतून झालेल्या संसर्गावरच उपचार सुरू होते.

माणसं जगू लागली तशी त्यांच्या आयुष्याची व्यवस्था उभी राहिली. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर 16 जणांनी चाकाच्या खुर्चीतून तिरंदाजी केली; त्यातून पुढे पॅरालिंपिक आलं. 1972च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, 1965च्या युद्धात कण्यात लागलेली गोळी अंगात वागवत. हा इतिहास बहुतेक ठिकाणी इथेच, या पदकांपाशी, संपवला जातो. माझ्या मते तो इथेच चुकीच्या जागी कापला जातो. कारण रुग्ण वॉर्डातून घरी गेला तेव्हा त्याच्याबरोबर खुर्ची गेली, कागद गेले, कधी नोकरीही मिळाली. रात्री दोनची पाळी मात्र वॉर्डातच राहिली.

परतणाऱ्या जखमेची गोष्ट या घरी जाण्यापासून सुरू होते. खोल जखम भरून येत नसेल तर शेजारचं मांस आणि कातडी फिरवून खड्डा झाकण्याची शस्त्रक्रिया करतात. डॉक्टर तिला फ्लॅप म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही तंत्रं झपाट्याने सुधारली. 1992मध्ये बाल्टिमोरच्या शल्यविशारदांनी आपल्याच कामाचा प्रामाणिक हिशेब छापला. रुग्णालयातून जाताना सुमारे 80 टक्के जखमा भरलेल्या होत्या. पण अपघातात कणा मोडलेल्या तरुण रुग्णांपैकी 79 टक्क्यांची जखम सरासरी वर्षभराच्या आत पुन्हा उघडली. अशा रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करावी का, अशी शंका त्यावरून घेतली गेली. पपायरसवरचा तिसरा निवाडा तो हाच: यावर उपचार करू नयेत. त्यानंतर सहा वर्षांनी, 1998मध्ये, सिएटलच्या एका गटाने 158 रुग्णांच्या 268 जखमांचा अहवाल दिला. फ्लॅप तेच होते. फरक इतकाच की तिथे प्लास्टिक सर्जन आणि पुनर्वसन विभाग एकत्र काम करत होते: शस्त्रक्रियेआधी निवड आणि तयारी, नंतर आठवडेच्या आठवडे क्रमाने बसवण्याचा सराव, खुर्ची आणि उशीची तपासणी, घरच्या व्यवस्थेची चौकशी आणि पुढे नियमित भेटी. सरासरी पावणेचार वर्षांच्या पाठपुराव्यात तिथे दर चारांपैकी एका रुग्णाची जखम परतली.

या तुलनेवर आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. सिएटलवाल्यांनी रुग्ण निवडून घेतले होते. ज्यांच्या घरची व्यवस्था बिकट, व्यसनं असलेली, एकटी राहणारी अशी माणसं बाल्टिमोरमध्ये जास्त असू शकतील. दोन शहरांतले दोन अहवाल म्हणजे प्रयोग नव्हे. पण हा आक्षेप नीट ऐकला तर तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. निवड कशाची होत होती? जखमेच्या खोलीची नव्हे, रक्तगटाची नव्हे. घरी कोण आहे, उशी कोणती आहे, पैसे आहेत का, मन खचलंय का, यांची. म्हणजे जखम परतेल की नाही हे ज्यावरून ओळखता येत होतं त्या साऱ्या गोष्टी कातडीच्या बाहेरच्या होत्या.

तरीही शरीरशास्त्राचा वाटा नाकारणं हा उलट्या बाजूचा अतिरेक होईल. भरलेल्या जखमेचा वण मूळ कातडीइतका मजबूत कधीच होत नाही. लुळ्या अंगातलं मांस झडतं, त्यामुळे हाडाखालची नैसर्गिक गादीच पातळ होते. अनेकदा नुकसान आत, हाडालगतच्या मांसात सुरू होतं आणि वरची कातडी काही दिवस ठीक दिसते, म्हणून आरसा धरून रोज पाहणाऱ्याचीही फसगत होते. या अर्थाने शार्को पूर्ण चुकले नव्हते: नस गेलेलं अंग खरोखरच अधिक नाजूक असतं. त्यांची चूक नाजूकपणाला नशीब समजण्यात होती. नाजूक वस्तू सांभाळायला जास्त हात लागतात, इतकंच त्यातून सिद्ध होतं.

हीच गोष्ट आपल्या देशात एका वेगळ्या रोगाने शिकवली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946मध्ये आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड महारोग्यांच्या हातापायांवर काम करत होते. रोगाने बोटं सडून गळतात अशी समजूत सार्वत्रिक होती. ब्रँड यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा दिसलं की वेदना गेल्यामुळे रोगी गरम भांडं धरून ठेवतो, खिळ्यावर चालत राहतो, तळव्याच्या एकाच जागेवर हजार पावलं टाकतो. मांस रोगाने सडत नव्हतं, ते इजेने झिजत होतं, आणि योग्य चपलेने ती झीज थांबवता येत होती. त्याच कॉलेजातल्या तरुण डॉक्टर मेरी व्हर्गीस यांचा 1954मध्ये मोटार अपघातात कणा मोडला. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून महारोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि 1966मध्ये वेल्लोरला त्यांच्याच पुढाकाराने पुनर्वसन संस्था उभी राहिली. वेदना नसलेल्या अंगाची राखण कशी करायची, हा प्रश्न त्या एका आवारात महारोग आणि कण्याचा मार या दोन्ही बाजूंनी येऊन भिडला होता.

आता राहिला निष्काळजीपणाचा आरोप. तो सर्वांत जास्त केला जातो आणि सर्वांत कमी तपासला जातो. खुर्चीत बसणाऱ्यांना पिढ्यान्पिढ्या शिकवलं गेलं की दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचला आणि काही सेकंद धरा. 2003मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाबलेल्या जागेतला प्राणवायू पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं गेलं. सरासरी जवळपास दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं स्वतःला हातांवर तोलून धरणं पैलवानालाही जड जाईल, आणि रोज असं करत राहिलं तर खांदे निकामी होतात; ज्याचे पायच गेलेत त्याचे खांदे म्हणजे त्याचे पाय. पुढे वाकून किंवा बाजूला कलून दाब सोडवावा असा सल्ला त्यानंतर दिला जाऊ लागला. म्हणजे इतकी वर्षं रुग्ण सांगितलेलं इमानाने करत होते तरी जखमा होत होत्या, आणि त्यांनाच विचारलं जात होतं की तुम्ही उचलत नव्हता का. लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी 2006मध्ये विसेक रुग्णांच्या दिनक्रमाचा खोलात जाऊन अभ्यास मांडला. तिथे जखमेआधी आढळलं ते आयुष्याचं अस्ताव्यस्त होणं: मदतनीस न येणं, उशी फाटणं, लांबचा प्रवास, घरातलं भांडण, कामाची घाई, उदासी. त्यावर त्यांनी व्यक्तिगत मार्गदर्शनाचा कार्यक्रम आखून त्याची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा त्याचा निर्णायक फायदा दिसला नाही. हा निकाल माझ्या मुद्द्याविरुद्ध वाटेल. मला तो असा दिसतो की नुसतं समजावून सांगण्याने पाळीवर माणूस येत नाही.

दोन तासांच्या आकड्याविषयीही प्रामाणिक राहायला हवं. तो आकडा प्रयोगातून आलेला नाही. वॉर्डात एक फेरी पुरी होऊन दुसरी सुरू करायला लागणाऱ्या वेळाशी त्याचा संबंध जास्त असावा. 2013मध्ये वृद्धाश्रमांतल्या नऊशेहून अधिक माणसांवर झालेल्या चाचणीत चांगल्या फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी वळवण्यात फरक दिसला नाही. तसाच, दाब 32 मिलिमीटर पाऱ्यापुढे गेला की रक्त अडतं, हा गाद्या विकणाऱ्यांचा आवडता आकडा: 1930मध्ये तो निरोगी माणसांच्या नखाच्या कडेच्या केशवाहिनीत मोजलेला आहे, माकडहाडाखाली नव्हे. पण चांगली गादी, हवेच्या कप्प्यांची उशी, मोजलेली पाळी या साऱ्या एकाच कामाच्या वाटण्या आहेत. जितकं काम वस्तू करेल तितकं माणसावर कमी येईल, आणि वस्तू नसेल तर सगळं माणसावर येईल.

आपल्याकडे ते सगळं माणसावरच येतं. मुंबईत हाजी अलीला 1955पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. पुण्यात खडकीला 1974पासून जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, जिथे माणसं एकमेकांच्या सोबतीने वर्षानुवर्षं राहतात. पण लष्कराने जे जवानासाठी केलं ते नारळाच्या झाडावरून पडलेल्या कोकणातल्या माणसासाठी किंवा विहिरीचं काम करताना कोसळलेल्या मजुरासाठी फारसं कुणी केलेलं नाही. तो जिल्ह्याच्या गावातून टाके काढून घरी येतो, आणि मेडिकलच्या दुकानातून मधे भोक असलेली रबरी रिंग आणली जाते. ती रिंग भोकाच्या कडेने रक्त आणखी अडवते. पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावली जाते, लाल झालेली जागा जोराने रगडली जाते, आणि त्याने आतलं मांस अधिकच फाटतं. चोळण्याने काही साधत नाही, वळवण्याने साधतं, हे इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन यांनी 1962मध्येच वृद्धांच्या वॉर्डांत दाखवलं होतं. आपल्या गावातल्या घरात मात्र आजही वळवणारी माणसं म्हणजे बायको किंवा आई, एकटी, दिवसभर शेतावर किंवा दुसऱ्यांच्या घरी राबून आलेली. साठ-सत्तर किलोचं निर्जीव अंग तिने रात्री किती वेळा वळवावं? स्टोक मँडव्हिलला या कामासाठी तुकडी होती. घरी जखम परतली की डॉक्टर तिलाच विचारतात, ‘वळवत नाही का तुम्ही यांना?’

म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडे आणि घरी पाठवणाऱ्यांकडे मागणं साधं आहे. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावं असतात तशी गादी आणि उशीची नावं लिहा, आणि ती कुठून, कोणत्या योजनेतून मिळेल तेही. उशी वर्षातून एकदा तपासायची तारीख लिहा. रात्री कूस बदलायला घरात कोण कोण आहे हे विचारून त्या माणसांची नावं लिहा, आणि एकच नाव आलं तर टाके काढण्याआधी दुसऱ्या नावाची सोय करा. आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, तशी महिन्यातून एकदा या घरी कुणीतरी जाऊन माकडहाड आणि बसण्याची हाडं पाहील अशी नेमणूक करा. आणि वाचकहो, तुमच्या आळीत असं कुणी अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलेलं असेल, तर तब्येत विचारून परतू नका. त्या घरच्या बाईला विचारा की आठवड्यातली एक रात्र आपण वाटून घेतली तर चालेल का.